कुत्रा कुंपण का ओलांडतो?

भिंत वाढवण्याआधी कारण शोधणे गरजेचे

प्रतिनिधी

धाराशिव : परसदारी राखणीसाठी पाळलेला कुत्रा रात्री कुंपणावरून उडी मारून पसार होतो आणि पहाटे चिखलाने माखून किंवा जखमी होऊन परततो. कधी तो परततच नाही. अशा वेळी मालकाचे उपाय ठरलेले असतात. भिंतीवर विटांचे आणखी दोन थर चढवायचे, नाही तर कुत्र्याला साखळीने बांधून टाकायचे. पहिला उपाय खर्चिक असून अनेकदा फसतो. दुसरा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. कुत्रा उडी का मारतो, हे कळल्याशिवाय ती थांबवता येत नाही.

धावण्यासाठीच घडलेली जात

धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात कारवानी जातीचे कुत्रे आवडीने पाळले जातात. सडपातळ अंग, खोल छाती, लांब पाय आणि खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंची, अशी या कुत्र्याची ठेवण असते. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीची जोपासना केल्यामुळे ती ‘मुधोळ हाउंड’ या नावानेही ओळखली जाते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांत तिला स्थान मिळाले होते.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार हेरतो. माळरानावर सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेलेला हा प्राणी समोर काही हलले, की विचार न करता झेपावतो. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती शिकार आता गुन्हा आहे; कुत्र्याची ओढ मात्र कायम आहे. शहरातील छोट्या भूखंडावर, चार फुटी भिंतीआड दिवसभर कोंडलेला कारवानी कुत्रा बाहेर झेपावला, तर त्यात नवल नाही.

घरेही बदलली

जुन्या वाड्यांना दगडमातीच्या उंच, जाड भिंती आणि एकच दिंडी दरवाजा असे. कुत्र्याला बाहेरचे काही दिसत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील अनेक गावांत अशी घरे कोसळली. पुनर्वसित गावांत आखीव रस्ते आणि सुटी घरे आली. शहरांतील नव्या वसाहतींतही अंगणाभोवती ठेंगणी भिंत किंवा तारेची जाळी असते. जाळीतून रस्त्यावरची मांजर, शेळी, सायकल सारे दिसते आणि कुत्रा दिवसभर चेतलेला राहतो.

उडीची वेळ बोलते

कारण ओळखण्यासाठी कुत्रा केव्हा उडी मारतो, याची चार-आठ दिवस नोंद ठेवावी. रस्त्याने कोणी जाताच तो झेपावत असेल, तर ओढ पाठलागाची आहे. घर रिकामे असताना निसटत असेल, तर कारण कंटाळा किंवा एकटेपण असू शकते. दिवाळीतील फटाके, लग्नाच्या वरातीतील दणदणाट किंवा विजांचा कडकडाट यांच्या वेळी तो पळत असेल, तर ती भीती होय. भ्यालेला कुत्रा एरवी झेपणार नाही अशी भिंतही ओलांडतो. फटाक्यांच्या दिवसांत त्याला घरात, आतल्या खोलीत ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

नर कुत्रा ठरावीक काळात वारंवार पळत असेल, तर परिसरातील मादी माजावर आलेली असण्याची शक्यता असते. मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तो काळ दोन ते तीन आठवडे टिकतो. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने केलेले निर्बीजीकरण ही भटकंती बऱ्याच अंशी कमी करते. मादी पाळणाऱ्यांचा नको असलेल्या पिलांचा प्रश्नही त्याने सुटतो.

पाठलागाची ओढ आणि कंटाळा यांवर मात्र व्यायामाला पर्याय नाही. सकाळ-संध्याकाळ दोरीने बांधून दमदार फेरी, तसेच बंदिस्त मोकळ्या जागेत धावण्याची संधी मिळाली, तर दमलेला कुत्रा अंगणात स्वस्थ बसतो.

कुंपणात काय बदलावे?

सर्वप्रथम पायरी काढून घ्यावी. सरपणाचा ढीग, कडब्याची गंज, पाण्याचा हौद, धुण्याचा दगड यांपैकी काही भिंतीलगत असेल, तर सहा फुटी भिंतही कुत्र्यासाठी तीन फुटी ठरते. हलवता येईल ते भिंतीपासून दूर न्यावे.

दुसरा उपाय दृष्टी अडवण्याचा. जाळीला आतून बांबूचे तट्टे, पत्रा, हिरवी शेडनेट किंवा तुराट्यांचा कूड लावावा. पलीकडचे दिसले नाही, की चेतवणारे कारणच नाहीसे होते.

उंची वाढवायची असल्यास ती सरळ वाढवण्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर सुमारे ४५ अंशांत आत झुकणारे लोखंडी कोन बसवून त्यांवर जाळी ताणावी. डोक्यावर अडथळा आला, की झेप अडते. पंजे टेकवून वर चढणाऱ्या कुत्र्यांसाठी तारेत ओवलेला प्लास्टिकचा पाइप माथ्यावर बसवता येतो. पंजा पडताच पाइप फिरतो आणि पकड सुटते. माथ्याला स्पर्श न करता उडी घेणाऱ्या कारवानीला मात्र हा पाइप पुरत नाही. त्याला लांबून धाव घेता येऊ नये म्हणून भिंतीच्या आत तीन-चार फुटांवर दाट झुडपांची रांग लावणे उपयुक्त ठरते.

काटेरी तार आणि भिंतीवर रोवलेल्या काचा टाळाव्यात. आवेगात असलेला कुत्रा त्यांना पाहून थांबत नाही; त्याचे पोट किंवा पाय मात्र फाटतात.

साखळीचा धोका आणि कायदा

साखळीसकट भिंत ओलांडणारा कुत्रा पलीकडे लोंबकळून गळफास लागून मरू शकतो. काही वेळ बांधणे भागच पडले, तर दोर भिंतीपर्यंत पोहोचणार नाही इतकाच लांब असावा. कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, तसेच बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार क्रूरता ठरते.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुंपणापलीकडे कुत्र्यालाही धोके कमी नाहीत. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघ येडशी-रामलिंग परिसरात दिसला होता, आणि बिबट्यासाठी तर मोकाट कुत्रा हे सोपे भक्ष्य असते. भटक्या कुत्र्यांशी झालेल्या झटापटीतून रेबीजचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे पिलाला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस व त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे पुढील मात्रा द्याव्यात. कुत्रा माणसाला चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.

आणखी एक चूक बहुतेक घरांत होते. पळून गेलेला कुत्रा परत आला, की त्याला मार बसतो. कुत्र्याच्या लेखी ती शिक्षा पळाल्याची नसते, परत आल्याची असते. पुढच्या वेळी तो घराकडे फिरकायलाच कचरतो. म्हणून परतलेल्या कुत्र्याला शांतपणे आत घ्यावे, अंगावर जखम आहे का ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तो नेमका कुठून निसटला, ते शोधावे.