झोहारच्या अभ्यासाची शंभर वर्षे

झोहार हा कबाला या यहुदी गूढविद्येचा मध्यवर्ती ग्रंथ. त्याचे रूप तोरा या यहुदी धर्मग्रंथावरील भाष्याचे आहे. दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योहाय आणि त्यांचे सोबती गालीलच्या वाटा तुडवत एकेका वचनाचा आतला अर्थ उलगडतात, अशी त्याची मांडणी. प्रत्यक्षात तो लोकांसमोर आला तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमधील कास्तील प्रांतात. इटलीत मांतुआ आणि क्रेमोना येथे १५५८ ते १५६० या काळात तो छापला गेला आणि अनेक यहुदी समाजांनी त्याला तोरा व तालमूद यांच्या पंक्तीला बसवले.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन यहुदी विद्वानांना मात्र हा वारसा अडचणीचा वाटला. आपला धर्म बुद्धिवादी आहे हे युरोपला पटवून देण्याची त्यांची धडपड होती. इतिहासकार हाइनरिख ग्रेट्स यांनी तेराव्या शतकातील स्पॅनिश कबालापंथी मोशे दे लेओन हाच झोहारचा कर्ता असल्याचे सांगून त्याला भोंदू ठरवले. कर्त्याविषयीचा त्यांचा तर्क बराचसा बरोबर होता. पण ग्रंथात काय आहे हे समजून घेण्याची सहानुभूती त्यांच्यापाशी नव्हती, आणि ही उणीव मोठी होती.

ती भरून काढण्याचे काम गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) यांनी केले. बर्लिनमध्ये वाढलेले शोलेम १९२३ मध्ये जेरुसलेमला गेले आणि १९२५ मध्ये नव्या हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. पहिल्याच व्याख्यानाचा विषय होता, झोहार मोशे दे लेओनने लिहिला का? तेव्हा त्यांचा कल ग्रेट्स यांचे मत खोडून काढण्याकडे होता. पुढची वर्षे त्यांनी ग्रंथाची भाषा तपासण्यात घालवली. झोहारची अरामी भाषा बोलीतून आलेली नसून तालमूद आणि तोराचे ओंकेलोसकृत अरामी भाषांतर यांतून उचललेली होती. तिच्यात व्याकरणाच्या चुका होत्या, मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या संज्ञा डोकावत होत्या आणि पॅलेस्टाईनचा भूगोलही नीट जुळत नव्हता. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला दिलेल्या आणि १९४१ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत त्यांनी मत बदलले आणि ग्रंथाचा मुख्य भाग मोशे दे लेओनचाच असल्याचा निर्वाळा दिला. पुराव्यापुढे स्वतःचा आवडता पक्ष सोडण्याचा हा प्रामाणिकपणा या संपूर्ण इतिहासात उठून दिसतो.

शोलेम यांच्या दृष्टीने कर्ता मध्ययुगीन ठरला म्हणून ग्रंथाचे मोल घटत नव्हते. झोहारमध्ये ईश्वराचे मूळ रूप ‘एन सोफ’ म्हणजे अनंत, विचाराच्या आवाक्याबाहेरचे. त्यातून दहा ‘सफिरोत’ प्रकटतात. त्या ईश्वराच्या शक्तीही आहेत आणि त्याच्या अंतर्जीवनाच्या अवस्थाही. दहावी ‘शेखिना’, जगात वास करणारे ईश्वराचे स्त्रीरूप. माणसाने आज्ञा पाळली, मनापासून प्रार्थना केली, तर शेखिनेचे वरच्या सफिरोतशी मीलन होते. पापाने त्यांच्यात दुरावा येतो. साध्या कर्मकांडाला विश्वव्यापी परिणाम देणारी ही कल्पना झोहारच्या दीर्घ प्रभावाचे खरे कारण मानावी लागते. तोराही येथे निव्वळ कथा आणि कायदा राहत नाही; शब्दार्थ हे तिचे वस्त्र आणि गूढार्थ हा तिचा प्राण.

हा विखुरलेला विचार विषयवार लावण्याचे श्रेय इसाया तिश्बी यांचे. फिशेल लाखोवर यांच्यासह सुरू झालेल्या त्यांच्या ‘मिश्नात हाझोहार’चा पहिला खंड १९४९ मध्ये आला. त्यातील हिब्रू उताऱ्यांमुळे अरामी न येणाऱ्यांनाही ग्रंथ वाचता आला. त्याच सुमारास येहुदा आश्लाग हे श्रद्धावान कबालापंथी ‘सुलाम’ हे सलग भाष्य लिहीत होते. विद्यापीठीय चिकित्सा आणि पारंपरिक साधना यांचे प्रवाह वेगळे राहिले, तरी दोघांनी एकच बंद दार उघडले.

१९८०च्या दशकात शोलेम यांच्या मांडणीला आव्हान मिळाले. मोशे इदेल यांनी १९८८ च्या ग्रंथात दाखवले की कबाला म्हणजे फक्त सिद्धान्तव्यवस्था नव्हे; साधना, अनुभव आणि विधींचा परिणाम यांनाही तिच्यात मोठे स्थान आहे. येहुदा लीबेस यांनी एकट्या लेखकाऐवजी कास्तीलमधील अभ्यासकांच्या मंडळाची कल्पना मांडली. रब्बी शिमोनभोवतीच्या सोबत्यांत त्या मंडळाचेच प्रतिबिंब असावे, हा त्यांचा तर्क विलक्षण बोलका आहे. पुढे रोनित मेरोझ आणि डॅनियल एब्रम्स यांनी हस्तलिखितांकडे लक्ष वळवले. मध्ययुगात ‘झोहार’ नावाचा एकसंध ग्रंथ नव्हताच. वेगवेगळे लेखनखंड फिरत होते आणि त्यांना आजचा आकार मुख्यतः सोळाव्या शतकातील मुद्रकांनी दिला, असे चित्र त्यातून पुढे आले.

डॅनियल मॅट यांनी सुरू केलेली इंग्रजी आवृत्ती २००४ ते २०१७ या काळात १२ खंडांत पूर्ण झाली. पहिले नऊ खंड मॅट यांचे, उरलेले नेथन वोल्स्की आणि जोएल हेकर यांचे. मॅट यांनी छापील प्रत जशीच्या तशी न घेता अनेक हस्तलिखिते पडताळून अरामी पाठ सिद्ध केला. एब्रम्स यांनी मात्र अशा जुळवलेल्या पाठावरच आक्षेप घेतला. मूळ एकच पाठ नसेल, तर प्रत्येक हस्तलिखित स्वतंत्रपणे वाचले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे असून संपादनपद्धतीचा हा वाद अजून मिटलेला नाही.