न लिहिलेली काळी यादी

हॉलिवुडमध्ये कम्युनिस्टांचा जो छळ झाला, त्याचं खापर बहुधा सिनेटर जोसेफ मॅकार्थींच्या माथी फोडलं जातं. पण मॅकार्थींचं नाव गाजू लागलं ते १९५० च्या फेब्रुवारीत. तोवर सिनेमावाल्यांच्या पोटावर पाय आणण्याचा उद्योग सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती. ‘अमेरिकाविरोधी’ कारवाया शोधणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने तो सुरू केला, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. तेही अर्धंच खरं. समितीला कुणाला कामावरून काढायचा अधिकारच नव्हता. ते काम स्टुडिओच्या मालकांनी केलं, आणि देशप्रेमाच्या भरात नव्हे, तर धंद्याचा हिशेब मांडून केलं, असं मला वाटतं.

१९४७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला सुनावणी झाली. पडद्यावरून कम्युनिस्ट प्रचार चालतो, हा मूळ आरोप. पुरावा मात्र किरकोळ निघाला. ‘साँग ऑफ रशिया’ या चित्रपटात रशियन माणसं हसतमुख दाखवली आहेत, अशी तक्रार लेखिका आयन रँड यांनी केली. चित्रपट १९४४ चा, म्हणजे रशिया अमेरिकेच्या बाजूने हिटलरशी लढत होता तेव्हाचा, आणि तो काढला होता एमजीएमसारख्या गब्बर कंपनीने. चित्रपटांतून काही हाती लागेना, तेव्हा समिती माणसांकडे वळली : तुम्ही पक्षाचे सभासद आहात का, पूर्वी कधी होता का? डाल्टन ट्रम्बो, रिंग लार्डनर, जॉन हॉवर्ड लॉसन यांच्यासह दहा जणांनी याचं सरळ उत्तर द्यायचं नाकारलं. त्यांतले बहुतेक पटकथालेखक. २४ नोव्हेंबरला सभागृहाने ३४६ विरुद्ध १७ मतांनी त्यांच्यावर अवमानाचा खटला भरायचं ठरवलं आणि पुढे दहाही जण तुरुंगात गेले. (लार्डनर डॅनबरीच्या तुरुंगात पोचले, तेव्हा समितीचे माजी अध्यक्ष पार्नेल टॉमस तिथेच कैदी होते, सरकारी पगारपत्रकात खोटी नावं घालून पैसे लाटल्याबद्दल.)

मालकांचं वागणं याहून बोलकं आहे. काळी यादी आम्ही कधीच करणार नाही, असं निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख एरिक जॉन्स्टन ऑक्टोबरात ठासून सांगत होते. महिनाभरात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात मालकांची बैठक बसली आणि २५ नोव्हेंबरला त्याच जॉन्स्टननी जाहीर केलं, की या दहांना बिनपगारी बाहेर काढू आणि जाणूनबुजून एकाही कम्युनिस्टाला काम देणार नाही. मधल्या काळात नवा पुरावा काहीच आला नव्हता. धंदा मात्र अडचणीत होता. १९४६ नंतर प्रेक्षक ओसरू लागले होते, ब्रिटनने अमेरिकी चित्रपटांवर जबर कर बसवला होता, आणि कर्ज देणाऱ्या बँका न्यूयॉर्कमध्ये बसून वर्तमानपत्रं वाचत होत्या. थिएटरांपुढे निदर्शनं होण्यापेक्षा दहा लेखक घालवलेले परवडले.

पुढे ही संख्या शेकड्यांवर गेली. गंमत अशी, की अधिकृत यादी कुठेच नव्हती. १९५० साली ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली, तिच्यात रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं होती. माजी सैनिकांची अमेरिकन लीजन ही संघटना स्टुडिओंना संशयितांची नावं कळवी. स्टुडिओ मात्र यादी असल्याचंच नाकारत. त्यामुळे दाद मागायची कुणाकडे? फोन येणं बंद होई, एवढंच. सुटकेची वाट म्हणजे माफीचं पत्र लिहायचं आणि समितीपुढे जाऊन जुन्या सोबत्यांची नावं सांगायची. ती नावं समितीला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असत. हवी असे ती शरणागती. १९५१ साली नट लॅरी पार्क्सने, मला हे करायला लावू नका, अशी विनवणी केली, शेवटी बंद दाराआड नावं दिली, आणि तरीही त्याची कारकीर्द संपलीच.

हे लोक खरोखर कम्युनिस्ट होते, हा आक्षेप रास्त आहे. बरेचसे होते. स्टालिनच्या अत्याचारांकडे त्यांनी डोळेझाक केली, आणि पक्ष स्वतःही काही कमी असहिष्णू नव्हता : कला हे केवळ हत्यार नव्हे, असं लिहिणाऱ्या आल्बर्ट माल्ट्झला १९४६ साली पक्षाने ते शब्द जाहीरपणे मागे घ्यायला लावले. पुढे हाच माल्ट्झ त्या दहांपैकी एक झाला. पण या लेखकांना शिक्षा झाली ती हेरगिरीबद्दल नव्हे, उत्तर न दिल्याबद्दल. खासगी मालकाने कुणाला ठेवावं हा त्याचा प्रश्न, असंही म्हटलं जातं. एकट्या मालकाबाबत ते मान्य. जवळजवळ सगळी बाजारपेठ हातात असलेल्या कंपन्या एका खोलीत बसून ठरवतात, तेव्हा माणसाला दुसरं दार ठोठावायची सोयच उरत नाही.

आणि या लेखण्या देशाला विषारी वाटत होत्या, तर त्या विकत का घेतल्या गेल्या? एमजीएमकडे पटकथेमागे ७५ हजार डॉलर घेणाऱ्या ट्रम्बोने छोट्या निर्मात्यांसाठी ३,७५० डॉलरवर ‘गन क्रेझी’ लिहिला, दुसऱ्याच्या नावावर. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचं ऑस्कर त्याचा मित्र इयन हंटर याच्या नावाने लागलं. १९५७ साली ‘द ब्रेव्ह वन’साठी रॉबर्ट रिच नावाचा लेखक विजेता ठरला, तोही ट्रम्बोच. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ तर कोलंबियासारख्या बड्या कंपनीचा. तो काळ्या यादीतल्याच मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन यांनी लिहिला आणि ऑस्कर गेलं मूळ फ्रेंच कादंबरीकाराला, जो इंग्रजीत लिहीतच नसे. माल तोच, भाव पडलेला. १९६० साली ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्सोडस’वर ट्रम्बोचं नाव उघडपणे झळकलं, मोजके निदर्शक आले आणि चित्रपट चालले. ज्या नुकसानीच्या धास्तीने तेरा वर्षं हे सगळं चाललं, ते झालंच नाही.

लेखकांची नावं पुढे श्रेयनामावलीत परत घातली गेली, काहींची मरणानंतर. नटांना ती सोय नव्हती, कारण चेहरा दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाही. ली ग्रँटला ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ या पहिल्याच चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला तिने नकार दिला आणि ऐन उमेदीची सुमारे बारा वर्षं तिला सिनेमात जवळपास काम मिळालं नाही. त्या वर्षांतल्या तिच्या भूमिका दुसऱ्या कुणीतरी केल्या.