यंत्राचा श्वास आणि धूळ

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत जेथें एकही एंजिन चालत नाहीं असें गांव आतां क्वचितच सांपडेल. कोठें ट्रॅक्टर नांगरतो, कोठें मळणीयंत्र सोयाबीन झोडतें, कोठें फवारणीचा पंप पाठीवर गुणगुणतो, तर किनवट-माहूरकडे सागाचे ओंडके कापणारी पेट्रोलची साखळी-करवत घुमते; कारागीर हिलाच चेनसॉ म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांच्या घरीं ह्यांतलें एखादें यंत्र आहे, आणि कित्येकांच्या घरचा चरितार्थच त्यावर चालतो. अशा घरांतून एक तक्रार वारंवार ऐकूं येते: यंत्र चांगलें पारखून घेतलें, तेल वेळेवर घातलें, तरी दोन हंगामांत त्याचा जोर गेला, असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां तेलांत नसतें, तें हवेंत असतें. तें कसें, हें ह्या लेखांत समजावून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एंजिन पेट्रोल पितें हें सर्वांस ठाऊक असतें, कारण पेट्रोलास पैसे पडतात. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वस्तुतः एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें 14.7 किलो हवा लागते. मापानें सांगावयाचें तर एक लिटर पेट्रोलामागें जवळजवळ 9,000 लिटर हवा. म्हणजे 200 लिटरचीं पंचेचाळीस पिंपें. साखळी-करवतीचें एंजिन दिसण्यांत लहान असतें. त्याच्या सिलिंडराचें माप साधारण 50 घनसेंटिमीटर. परंतु लांकूड कापतांना तें मिनिटास नऊ हजारांच्या आसपास फेरे घेतें. प्रत्येक फेऱ्यास त्यानें आपल्या मापाच्या दोन तृतीयांश हवा ओढली असें धरलें, तरी मिनिटास 300 लिटर होतात. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे हातांत मावणारें हें यंत्र एकटें चाळीस माणसांचा श्वास घेतें! तीन लिटर मापाचें ट्रॅक्टराचें एंजिन मिनिटास 2,000 फेऱ्यांनीं चाललें, तर तें जवळजवळ 3,000 लिटर हवा ओढतें. आणि हा श्वास तीं यंत्रें कोठें घेतात? जेथें भुसा उडतो आणि धुळीचे लोट उठतात, नेमकें तेथेंच.

आतां आपल्या प्रांतांतील धूळ कशी आहे तें पाहूं. लातूर जिल्हा काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे, आणि नांदेडचा पश्चिम भागही तसाच. ह्या खडकापासून झालेली काळी माती वाळली म्हणजे पिठासारखी बारीक होऊन उडते. ह्याच खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी व अकीक तयार होतात, आणि खडक झिजला म्हणजे त्यांचे कण मातींत मिसळतात. नांदेडच्या पूर्वेस, देगलूर, बिलोली, मुखेड व किनवट ह्या तालुक्यांच्या कांहीं भागांत, ग्रॅनाइट खडक वर आलेला आहे. त्याच्या मातींत तर गारगोटीची वाळू सर्वत्र असते. सागाची गोष्ट आणखी निराळी. सागावर करवत लवकर बोथट होते, हें सुतारांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचें कारण असें कीं, हें झाड मुळांवाटें सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, शोषून आपल्या लांकडांत साठवितें. कांहीं सागांत त्याचें प्रमाण शेंकडा एकाहूनही अधिक आढळलें आहे. ओंडका जमिनीवरून ओढीत आणला असला म्हणजे सालींत माती भरते ती वेगळीच. तेव्हां करवतीभोंवतीं उडणारी पूड नुसत्या लांकडाची आहे असें समजणें बरोबर नाहीं.

ही वाळू एवढी घातक कां? फ्रीड्रिख मोस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें 1812 सालीं खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या ठरविल्या. सर्वांत मऊ शंखजिरें पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या पायरीवर. ह्या मापानें गारगोटी सातव्या पायरीवर बसते. चाकूचें पातें साडेपांचाच्या आसपास येतें, आणि ज्या धातूचा पिस्टन असतो तें अॅल्युमिनियम तिसऱ्या पायरीच्याही खालीं. विद्यार्थ्यांनीं गारगोटीचा तुकडा घेऊन कांचेच्या टाकाऊ तुकड्यावर जपून ओढून पाहावा. कांचेवर ओरखडा उठतो. एंजिनाच्या पोटांत हेंच मिनिटास हजारों वेळां घडतें.

पिस्टन आणि सिलिंडर हे एकमेकांस प्रत्यक्ष घासत नाहींत. त्यांच्यामध्यें तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याची जाडी कांहीं थोडे मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. माणसाचा केंस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुळीचा कण ह्या पापुद्र्याहून लहान असला तर तेलाबरोबर निसटून जातो. परंतु पापुद्र्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कण दोन्हीं धातूंस एकाच वेळीं टेकतो आणि त्यांस खरडतो. डोळ्यांस दिसणारा मोठा खडा गाळणींत सहज अडकतो. खरें नुकसान करणारे कण पांच ते वीस मायक्रॉनांचे, म्हणजे डोळ्यांस न दिसणारे असतात. त्यांतही एक चमत्कार आहे. कठीण कण मऊ अॅल्युमिनियमांत रुतून बसतो आणि तेथूनच समोरच्या कठीण सिलिंडरास घासूं लागतो. पॉलिश-कागदावर वाळूचे कण चिकटविलेले असतात ना, तसाच पिस्टन स्वतः पॉलिश-कागद बनतो.

साखळी-करवतीस ह्या धुळीचा त्रास ट्रॅक्टराहून अधिक होतो, आणि तो कां हें समजून घेण्यासारखें आहे. ट्रॅक्टराच्या एंजिनांत तळाशीं तेलाचा सांठा असतो, आणि तें तेल स्वतःच्या गाळणींतून फिरत राहतें. करवतीचें एंजिन दोन ठोक्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक, असतें. त्यांत तेलाचा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हवेबरोबर प्रथम क्रँकच्या पेटींत शिरतें, तेथील बेअरिंगांस भिजवितें, आणि मग पिस्टनाच्या वर जाऊन जळतें. म्हणून हवेबरोबर धूळ आली तर ती आधीं बेअरिंगांवरून, मग पिस्टनाच्या अंगावरून, आणि शेवटीं रिंगांवरून, अशी एकाही भागास न सोडतां प्रवास करते. रिंगा झिजल्या म्हणजे दाब धरत नाहींत. दोरी ओढतांना हाताला पूर्वींचा जोर लागत नाहीं, यंत्र गरम झाल्यावर पुन्हां सुरू होत नाहीं, आणि करवत लांकडांत अडूं लागते. अशा वेळीं मिस्त्रीनें एंजिन उघडलें तर पिस्टन अवश्य पाहावा. ज्या बाजूनें हवा आंत येते ती बाजू निस्तेज होऊन तिच्यावरच्या कांतकामाच्या बारीक रेषा पुसून गेल्या असतील, तर दोष धुळीचा समजावा. ज्या बाजूनें धूर बाहेर जातो त्या बाजूस खोल चरे पडले असतील, तर बहुधा तेल कमी पडलें किंवा एंजिन फार तापलें असें समजावें.

गाळणीचे दोष दोन प्रकारचे असतात, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळेंच बहुतेक यंत्रांचा नाश होतो. पहिला दोष गाळणी तुंबण्याचा. गाळणी तुंबली म्हणजे हवा कमी पडते. साध्या कार्ब्युरेटरांत त्या मानानें पेट्रोल अधिक ओढलें जातें. काळा धूर निघतो, प्लगवर काजळी बसते, आणि जोर कमी होतो. हा दोष लगेच दिसतो व ऐकूं येतो, आणि गाळणी साफ केली कीं बहुतेक जातो. दुसरा दोष गाळणी गळण्याचा. जाळी फाटली, कड नीट बसली नाहीं, अथवा गाळणीपुढची रबरी नळी चिरली, कीं धूळ सरळ आंत जाते. ह्या दोषांत यंत्र मुळींच कुरकुर करीत नाहीं. हवा मोकळी मिळाल्यामुळें उलट तें अधिक जोमानें चालल्यासारखें वाटतें! म्हणूनच हंगामाच्या घाईंत कित्येक चालक तुंबलेली गाळणी काढून बाजूस ठेवतात आणि तसेंच काम रेटतात. यंत्रानें तत्काळ जोर धरलेला पाहून त्यांस आपण योग्य केलें असें वाटतें. झीज मात्र त्याच क्षणापासून सुरू झालेली असते, आणि तिची खूण पटते तेव्हां उपाय उरलेला नसतो.

आणखी एक घातक संवय आहे. गाळणी तुंबून धूर येऊं लागला कीं कोणी कार्ब्युरेटराचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी करतो. पुढें केव्हां तरी गाळणी साफ होते, हवा पुरेशी येऊं लागते, पण पेट्रोल कमीच राहतें. टू-स्ट्रोक एंजिनांत पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मग एंजिन अतिशय तापतें आणि पिस्टन चिकटतो. ह्यासाठीं नियम असा, कीं आधीं गाळणी पाहावी, मग स्क्रूस हात लावावा.

ह्या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. आरंभींच्या ट्रॅक्टरांस हवेची गाळणी नसे. 1915 सालीं अमेरिकेंत फ्रँक डोनाल्डसन हा ट्रॅक्टर विकणारा गृहस्थ यूटा प्रांतांतील एका शेतकऱ्याचें वारंवार बिघडणारें एंजिन पाहावयास गेला. दोष यंत्रांत नसून शेतांतील धुळींत आहे हें त्यानें ओळखलें, आणि तारेच्या सांगाड्यावर कापड चढवून ती गाळणी उंच नळीच्या टोंकावर बसविली. एवढ्या साध्या युक्तीपासून पुढें मोठा उद्योग उभा राहिला. त्यानंतर तेलाच्या वाटीची गाळणी प्रचारांत आली. ती जुन्या ट्रॅक्टरांवर आजही दिसते. तींत हवा नळींतून खालीं येऊन तेलावर आदळते आणि एकदम उलट वळते. हवा हलकी, म्हणून वळते. धुळीचा कण जड, म्हणून त्यास वळतां येत नाहीं, आणि तो तेलांत बुडतो. कांहीं नव्या करवतींत हाच नियम निराळ्या रीतीनें योजिला आहे: पंख्याच्या वेगानें जड कण बाहेरच्या कडेस फेंकले जातात, आणि आंतल्या बाजूची स्वच्छ हवा गाळणीकडे नेली जाते. जडत्वाचा जो नियम विद्यार्थी पुस्तकांत पाठ करतात, त्याचा हा उपयोग आहे.

आतां निगा कशी राखावी तें सांगतों. करवतीची गाळणी रोज काम संपल्यावर पाहावी. ती काढण्यापूर्वीं चोक बंद करावा आणि भोंवतालचा भुसा मऊ कुंचल्यानें झाडावा. नाहीं तर गाळणी काढतांनाच कचरा आंत पडतो. नायलॉनची जाळी कोमट साबणाच्या पाण्यानें धुवावी, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. हवेचा झोत मारावयाचा असेल तर हलका, आणि आंतून बाहेर. बाहेरून मारल्यास धूळ जाळींत अधिक घट्ट बसते. नंतर गाळणी उजेडासमोर धरावी. टांचणीच्या टोंकाएवढें जरी भोंक दिसलें तरी ती टाकून द्यावी. ट्रॅक्टराची कागदी गाळणी पाण्यानें धुऊं नये व दगडावर आपटूं नये. ती उगाच पुनःपुन्हां काढूंही नये, कारण तिच्यावर बसलेला धुळीचा पातळ थर बारीक कण अडविण्यास मदतच करतो. तेलाच्या वाटींत तेल खुणेपर्यंतच भरावें. अधिक भरल्यास तें एंजिनांत ओढलें जाण्याचा धोका असतो. तळाशीं गाळ सांचला कीं वाटी धुऊन तेल बदलावें. मळणीच्या दिवसांत ती रोज पाहणें अवश्य आहे. शेवटची परीक्षा सर्वांत सोपी: गाळणीच्या पलीकडे, एंजिनाच्या बाजूच्या नळींत, स्वच्छ बोट फिरवावें. बोटास कचकच लागली तर धूळ आंत जात आहे, आणि त्याच दिवशीं काम थांबवून गळतीची जागा शोधावी.

गाळणीची किंमत थोडी. सिलिंडर आणि पिस्टन बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. परंतु नुकसान तेवढेंच नसतें. सोयाबीनची मळणी आश्विनाच्या सुमारास येते. परतीच्या पावसाचे ढग भरून आले असतां, खळ्यावर रास पडलेली असतां मळणीचें एंजिन बसलें, तर त्या घराचें वर्षाचें उत्पन्न भिजतें. मजुरीनें करवत चालविणाऱ्याचें यंत्र बंद पडलें तर त्याची त्या दिवसाची चूल अडते.

आणि ज्या हवेनें यंत्र झिजतें ती हवा चालविणाराही घेत असतो, हें पालकांनीं विसरूं नये. गारगोटीची बारीक धूळ वर्षानुवर्षें छातींत गेल्यास फुफ्फुसें कठीण होतात. ह्या विकारास सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाहीं. यंत्राची रिंग बाजारांत मिळते, मनुष्याचें फुफ्फुस मिळत नाहीं. मळणीयंत्रापाशीं अथवा करवतीपाशीं उभें राहतांना तोंडानाकावर धुळीचा मास्क बांधावा. नुसता रुमाल मोठा भुसा अडवितो, बारीक धूळ अडवीत नाहीं. लहान मुलांस तर त्या धुरळ्यांत उभेंच करूं नये. दिवाळीच्या सुटींत घरीं गेलेल्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वडिलांच्या संमतीनें आणि यंत्र पूर्ण थंड असतां घरच्या गाळणीची एकदां वर सांगितल्याप्रमाणें तपासणी करावी. विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या गोष्टी घरच्या उपयोगी पडतात, हें त्यांस व त्यांच्या पालकांस त्यावरून प्रत्यक्ष दिसून येईल.