गुलामांनी वसवलेली दोन गावं : एक पोरांनी खणून काढलं, दुसरं मात्र खणता येत नाही

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एक माळ आहे. वरून बघाल तर नुसतं गवत. पण २००४ पासून काही वर्षं उन्हाळ्यात कॉलेजची पोरं इथं येऊन चौकोनी खड्डे खणायची. फुटक्या बश्या, बटणं, खिळे, हाडं, जे मिळेल ते चाळून, नंबर टाकून ठेवायची.

कारण या माळावर एकेकाळी न्यू फिलाडेल्फिया नावाचं गाव होतं.

ते वसवणारा फ्रँक मॅकवर्टर जन्माने गुलाम. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा तयार करून त्याने पैसा साठवला आणि १८१७ साली आधी बायकोला विकत घेऊन सोडवलं. स्वतःला नाही, बायकोला. कारण तिथल्या कायद्यात आई गुलाम तर मूलही गुलाम, आणि ती तेव्हा गरोदर होती. स्वतःची सुटका त्याने दोन वर्षांनी केली. १८३६ मध्ये त्याने या गावाचा नकाशा सरकारदरबारी नोंदवला, प्लॉट विकले आणि त्या पैशातून आणखी नातेवाईक सोडवले.

गावात काळे-गोरे शेजारी राहायचे. पोरांना दोघांच्याही घरांच्या जागी जी भांडी सापडली, ती जवळपास सारखीच होती.

१८६९ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून गेली. गाव ओस पडलं, त्यावर नांगर फिरला. म्हणून तर ते खणता आलं.

आता महाराष्ट्रात या. इथली गोष्ट सव्वादोनशे वर्षं आधीची.

इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला मलिक अंबर बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या गावाच्या जागी राजधानी वसवली. १६१६ मध्ये मुघलांनी ती उद्ध्वस्त केली, तरी शहर पुन्हा उभं राहिलं. पुढे त्याचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

म्हणजे हे गाव मेलंच नाही. अंबरच्या खडकीवर आज घरं, दुकानं, रस्ते आहेत. सुट्टीत जाऊन खड्डे घ्यायचे तरी कुठे?

जमिनीवर अंबरची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा आहे. खरी खूण मात्र जमिनीखाली आहे, नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं भूजल गोळा करून ते फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलेलं. ना मोट, ना पंप. मध्येमध्ये आत उतरून सफाई करता यावी म्हणून विहिरीसारखी तोंडं, आणि अडकलेली हवा बाहेर जावी, दाब सांभाळला जावा म्हणून उंच मनोरे. (पाणचक्कीची नहर वेगळी, ती नंतरची. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

या नहरीवर बांधकामं झाली, काही भाग बुजले. मनोरे अजून काही ठिकाणी दिसतात. त्यांच्या रांगेने चालत गेलं की कुदळ न मारताही खालची नहर कुठून गेली असेल याचा अंदाज येतो.