घरची पिकअप घेताना

कोकणात आंब्याची बाग किंवा नाशिककडे द्राक्षांचा मळा असलेल्या घरांत हल्ली हा विचार हमखास निघतो: कार वेगळी आणि मालाची गाडी वेगळी कशाला? डबल केबिनची पिकअप घेतली की सकाळी मुलं शाळेत, दुपारी खताच्या गोण्या बागेत, संध्याकाळी अम्मी दवाखान्यात. हिशेब वाईट नाही. मात्र रोजचं ओझं माणसांचं आहे की मालाचं, हे आधी घरात बसून ठरवा.

कारण पिकअपच्या मागच्या चाकांवर साधारणपणे कमानपाटे असतात. वजन पेलायला ते उत्तम, पण गाडी रिकामी असली की मागच्या सीटवरचा माणूस प्रत्येक खड्ड्याला उसळतो. शोरूमची चाचणी-फेरी नेहमी रिकाम्या गाडीत होते आणि चालवणारा पुढे बसतो. म्हणून त्या दिवशी अम्मीला किंवा दादीला सोबत न्या, मागे बसवा आणि खराब रस्त्यानेच फिरा. गुडघेदुखी असलेल्यांना चढता-उतरता येतं का, तेही तिथेच कळेल.

टोयोटाची हायलक्स १९६८ पासून जगभर राबते आहे. भारतात ती २०२२ मध्ये आली. तिचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन फॉर्च्युनरमधलंच, त्यामुळे मेकॅनिकला ते अनोळखी नाही. ही मोठी जमेची बाजू. इसुझूच्या व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटरचं, आणि घरच्या कामाला तेवढं पुरून उरतं. तिचं सर्व्हिस सेंटर मात्र आपल्या गावापासून किती लांब आहे, ते पाहूनच पुढे जा. हायलक्सची लांबी तर साडेसतरा फुटांच्या आसपास. मोहल्ल्याच्या गल्लीत ती वळेल का, हे टेप घेऊन मोजलेलं बरं.

माल जास्त आणि माणसं कधीतरी, असं असेल तर महिंद्राची बोलेरो कॅम्पर स्वस्तात काम भागवते. पण पाटी पांढरी मिळणार की पिवळी, हे आधी विचारा. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून अर्धा-पाऊण तास एका वेगात पळावी लागते. रोज फक्त दोन किलोमीटरवरची शाळा आणि बाजार एवढंच असेल तर फिल्टर तुंबतो, आणि तो बदलणं महाग पडतं. अशा घराने साधी पेट्रोल कार घ्यावी आणि हंगामात टेम्पो भाड्याने लावावा, असं मी सरळ सांगेन.

जुनी गाडी बघत असाल तर वरच्या रंगावर जाऊ नका. समुद्रकाठी वापरलेली गाडी रॅम्पवर चढवायला लावा, चेसिस आणि कमानपाट्यांच्या बैठकीवरचा गंज खरवडून बघा, मगच बयाणा द्या.