वारेतील महापेशी आणि विषम प्रतिकृती

पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल मुळाबरहुकूम, संपूर्ण आणि एकदाच करते, आणि त्या नकलेत कोणताही भाग गाळला जाऊ नये वा दोनदा उतरू नये यासाठी तिच्या ठायी मोठा बंदोबस्त असतो, हा जीवशास्त्रातील इतका सर्वमान्य सिद्धान्त आहे की, त्याला बगल देणाऱ्या पेशी निरोगी देहात, आणि त्याही नव्या जीवाच्या पोषणासाठीच नेमलेल्या, आढळाव्यात याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

उंदराच्या वारेत, भ्रूणाच्या ऊती मातेच्या गर्भाशयाला जिथे भिडतात त्या सीमेवर, या महापेशी असतात. भ्रूणाला गर्भाशयात रुजविणे, मातेच्या रक्तवाहिन्यांना नवे वळण देणे आणि गर्भधारणा टिकविणारी संप्रेरके स्रवणे ही त्यांची कामे होत. त्या दुभंगण्याचे सोडून देतात, परंतु नक्कल करण्याचे सोडीत नाहीत. फेरीमागून फेरी होते, साठा दुपटीने वाढतो, आणि सामान्य पेशीत जिथे गुणसूत्रांचे दोनच संच, तिथे यांच्या केंद्रातील संचांची संख्या हजाराच्या घरात जाऊ शकते.

हा साठा सर्वत्र सारखाच वाढत असेल, असे कोणीही गृहीत धरील. तथापि स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्टा हॅनिबल, जूली बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले की, एकंदर सुमारे 13 कोटी 80 लाख अक्षरांच्या 47 प्रदेशांत नकला इतरांहून कमी असतात. ते प्रदेश कापून टाकलेले नसतात. तिथे प्रतिकृतीच अपुरी राहते. पेशींना परस्परांशी चिकटविणारी आणि मज्जातंतूंच्या घडणीतली जनुके तिथे विशेषेकरून वसलेली आहेत. आणि ज्या पेशीला मातेच्या ऊतीत शिरकाव करावयाचा आहे तिला त्यांचे काम थोडेच, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हॅनिबल व बेकर यांनीच 2016 मध्ये उलट बाजूही उजेडात आणली: काही मोजक्या प्रदेशांच्या नकला उर्वरितांहून अधिक असून, प्रोलॅक्टिनच्या कुळातील संप्रेरकांची जनुके त्यांत मोडतात.

कीटकांत याला पूर्वीचा दाखला आहे. फळमाशीच्या अंडाशयातील पेशी अंड्याचे कवच घडविणाऱ्या जनुकांच्या नकला निवडून वाढवितात, तिसऱ्या गुणसूत्रावर तर 60 ते 80 पटींनी, ही गोष्ट 1980 पासून ठाऊक आहे. ज्या पेशीची संतती पुढे चालावयाची नाही, तिला अशी विषमता परवडते. बीजपेशीत तीच घडती तर पुढील पिढीचा वारसाच उणा झाला असता.

तरीही, संच फार वाढले की विषमता आपोआप येते, असा अर्थ कोणी काढू नये. प्लेटलेट निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेतील पेशीही बहुसंची असतात. त्यांत मात्र अशी उणीव आढळत नाही, आणि म्हणूनच ती वारेच्या स्वतःच्या कारभाराचा भाग मानावी लागते.