काडेपेटीतला कंदील

वाकडमधल्या तीन सायकल-दुकानांत ‘व्हॉल ट्यूब आहे का?’ विचारलं आणि तिन्हीकडे तोच चेहरा पाहिला. गिअरच्या सायकली, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या सगळं हारीनं मांडलेलं, पण व्हॉल ट्यूब म्हणजे काय हे तिथल्या पोरांना माहीत नव्हतं. शेवटी काळेवाडी फाट्याकडे झाडाखाली पंक्चर काढणारे एक म्हातारबाबा भेटले. पत्र्याच्या डब्यात हात घालून त्यांनी काळ्या नळीचं वेटोळं बाहेर काढलं. “घ्या. आता कोण मागतंय ही?” म्हणाले. वडापावापेक्षा कमी पैशांत दिवाळीच्या सुट्टीची सोय झाली.

ही नळी जुन्या पद्धतीच्या सायकलच्या व्हॉलवर चढवतात. आत आलेली हवा परत जाऊ नये म्हणून. रबर लवचीक, भोक बारीक. आणि त्या भोकात काडेपेटीतली काडी अशी घट्ट बसते, की दोघींचं माप कुणी ठरवून घेतलंय असं वाटावं. मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं फिटिंग केलं. दोन अनोळखी वस्तूंचा असा फिट मी क्वचितच पाहिला.

तो पहिल्यांदा ओळखला अरविंद गुप्तांनी. 1975 साली कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आपल्याच पट्ट्यात, नोकरीला लागले. 1978 मध्ये वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांमध्ये विज्ञान करून शिकवायचं, हा तो कार्यक्रम. प्रयोगशाळा नाही, पैसा नाही, पण आठवडी बाजार आहे. काड्या आणि सायकलची नळी यांचा मेकॅनो तिथं जन्मला. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस काडेपेटीकडे वळला, याचं आमच्या पिंपरी-चिंचवडनं जरा जास्त कौतुक करायला हवं होतं, असं माझं मत आहे. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती सोपी आहे, पण घाई करू नका. काड्यांचा गुल मोठ्यांनी ब्लेडनं खरवडून काढायचा. हे काम मुलांचं नाही. नळीचे बोटाच्या पेराहून आखूड तुकडे कापायचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काडी घातली की झाला दोनाचा सांधा. तुकड्याला मधोमध सुईनं भोक पाडून त्यात टोक काढलेली तिसरी काडी खुपसली की तिनाचा. भोक आरपार पाडून त्यातून दुसरा तुकडा ओढून घेतला की फुली होते, तो चाराचा. टूथपिक वापरू नका, नळी फाटते आणि बोटंही. खराट्याच्या हिराची जाडी सारखी नसते. काडेपेटीच बरी. 2021च्या डिसेंबरात ती 1 रुपयाची 2 रुपयांची झाली, तीही 14 वर्षांनी. इतकी स्थिर किंमत मला दुसऱ्या कशाची आठवत नाही.

माझी नात सहा वर्षांची. तिनं आधी त्रिकोण केला, मग चौकोन. चौकोन टेबलावर ठेवून कोपरा ढकलला तर तो पतंगासारखा तिरका झाला. “आजोबा, हा पडतोय!” त्रिकोण ढकलला, तर तो जागचा हलेना. काड्या काढून पुन्हा बसवल्या, तरी तेच. मी काही बोललो नाही. न बोलणं फार जड जातं, आजोबा लोकांना विशेषच. मग तिनं बारा काड्या आणि आठ सांध्यांचा ठोकळा केला. तो जेलीसारखा डुलायला लागला. सहा काड्या आणि चार सांध्यांचा चौपाखी सुळका मात्र हातात दाबूनही तसाच. दुसऱ्या दिवशी गॅलरीत दूध पिताना समोरच्या टॉवर क्रेनकडे बोट दाखवून म्हणाली, “आजोबा, तिकडं सगळे त्रिकोणच आहेत.” वाकडमध्ये खिडकीतून डोंगर दिसत नाहीत अशी माझी जुनी तक्रार आहे. त्या दिवशी मी ती मागं घेतली.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, संपादकांनी क्षमा करावी. माझे वडील आकाशकंदील करायचे तो असा : सारख्या लांबीच्या कामट्यांचे चार चौकोन करायचे, ते कोपऱ्यावर उभे धरून शेजारच्या कोपऱ्याला कोपरा दोऱ्यानं बांधायचा आणि गोल पूर्ण करायचा. मग वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालची चार तशीच. मोजा : कामट्या 24, सांधे 12, चौकोन सहा आणि त्रिकोण आपोआप आठ. हा कंदील मी चाराच्या बारा फुल्या करून काड्यांचा केला. केला आणि तो कोसळला. म्हणजे मोडला नाही. त्रिकोणावर उभा करून वरचा त्रिकोण खाली दाबला, तर सगळा सांगाडा फिरत फिरत आत मिटला आणि सोडला तर पुन्हा उघडला. बकमिन्स्टर फुलर नावाच्या अमेरिकन माणसानं या हालचालीला ‘जिटरबग’ या नाचाचं नाव दिलं होतं. घुमटांचं पेटंट घेणारे तेच हे फुलर. आमच्या अंगणात तर हे दर दिवाळीत घडू शकलं असतं, पण कधी घडलं नाही.

मग वडिलांचा कंदील का डुलायचा नाही? कागदामुळे. पतंगी कागद खळीनं ताणून चिकटवला आणि वाळला, की प्रत्येक चौकोनाला तिरका आधार मिळतो. आम्हाला वाटायचं कागद शोभेसाठी आहे. नातीनं कागदाऐवजी चौकोनांत एकेक तिरकी काडी घालायचं ठरवलं. काडी आखूड पडते, चौकोन दाबून बसवावी लागते. सहा काड्या अशा बसल्या आणि 20 त्रिकोणांचा 30 काड्यांचा चेंडू तयार झाला, टणक. जमिनीवर टाकला तर उडाला. रात्री साडेदहा वाजता. खालच्या मजल्यावरून फोन आला, तो वेगळा विषय.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पिंपळाची, जांभळाची पानं वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि नुसती जुळवून कार्डावर चिकटवा; मासा, उंदीर, मोर होतात. जुन्या वर्तमानपत्राची टोपी आणि होडी सगळ्यांना येते. येत नसेल तर घरातल्या आजींना विचारा. सोसायटीत किल्ला करू देत नसतील, तर परातीत करा आणि उतारावर हळीव पेरा. चार-पाच दिवसांत हिरवळ येते.

इतिहासाचं कर्तव्यही उरकतो. स्वस्त साहित्यातून बालशिक्षण ही आपल्याकडची जुनी गोष्ट. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, ते 1957 मध्ये कोसबाडला नेलं. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यात कुठून येणार? शिंपले, खडे, बिया, पानं घेऊन त्यांनी आणि अनुताई वाघांनी ते काम केलं. यावर स्वतंत्र लेख हवा.

गुप्तांची खेळणी पाहायला मी औंधमार्गे विद्यापीठात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गेलो होतो. पु. लं.ची आठवण सांगणाऱ्या ‘पुलस्त्य’ इमारतीत. गुप्ता 2003 पासून अकरा वर्षं तिथं होते. शाळेची सहल आली होती. एक मुलगा स्ट्रॉच्या टोकाला कात्री लावून केलेली पुंगी फुंकत होता, वाजवत वाजवत ती आखूड कापत होता आणि सूर चढत होता. त्याच्या बाई त्याला रांगेत ओढत होत्या. मी बाईंच्या विरुद्ध आहे.

गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला मी एक तयार क्राफ्टचा खोका मागवला होता, साडेआठशे रुपयांचा. त्यात सगळं कापलेलं, आखलेलं, नंबर घातलेलं. तिनं वीस मिनिटांत संपवला आणि मग दोन दिवस त्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं घर केलं.

तर यंदा एक काडेपेटी आणा आणि व्हॉल ट्यूब शोधा. गिअरच्या सायकलींच्या दुकानात जाऊ नका, पंक्चरवाल्याकडे जा. एका कंदिलाला काड्या लागतात 24. माझ्या पेटीत मोजून 50 निघाल्या, म्हणजे दोन कंदील होतात. गुल खरवडायच्या आधी उरलेल्या दोन काड्या बाजूला काढून ठेवा. संध्याकाळी पणत्या लावायला लागतील.